खेळाडू एकच, तोही बाबा: डी अँड डीत लढाई कितपत अवघड ठेवायची?

तिरपा_फासा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथले धागे नुसते वाचतोय. आज पहिल्यांदा लिहितोय, कारण प्रकरण गळ्याशी आलंय.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सातारा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाले आणि वर्षभरात गुडघा बदलावा लागला. ऑपरेशन छान झालं, पण दीड महिना घरात बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. पत्त्यांना चौथा गडी मिळेना, बातम्यांना शिव्या घालून झाल्या, मग माझ्या कपाटातले फासे दिसले. "हे वीस तोंडांचं काय आहे रे?"

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मी चार वर्षं दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो. पण कायम खेळाडू, डीएम (गोष्ट सांगणारा, मॉन्स्टर चालवणारा) कधीच नाही. बाबांना एवढंच सांगितलं, की मी गोष्ट सांगतो, त्यातला एक माणूस तुमचा, त्यानं काय करायचं ते तुम्ही ठरवा. जिथे होईल की नाही अशी शंका, तिथे फासा. म्हणाले, "म्हणजे पटाशिवाय सारीपाट. चालेल."

त्यांचा माणूस म्हणजे दगडू. डोंगरी ड्वॉर्फ (बुटका, दणकट), फायटर म्हणजे लढवय्या, साखळ्यांचं चिलखत, एसी १६ (त्याला वार लागायला फासा आणि मारणाऱ्याची बेरीज मिळून एवढे पडावे लागतात), दोन्ही हातांनी धरलेला वॉरहॅमर. ढाल नको म्हणाले. "एक हात मोकळा लागतो माणसाला." नियम २०१४च्या पुस्तकाचे, मॉन्स्टर एसआरडी या फुकटात मिळणाऱ्या नियमसंचातले. फक्त लढाईचं बजेट (किती तगडे मॉन्स्टर चालतील तो हिशेब) मी एका मित्राकडच्या २०२४च्या डीएम गाइडमधून घेतलं, कारण त्यात गुणाकार नाहीत, नुसती बेरीज आहे.

पहिला रविवार. लेव्हल एकच्या एका खेळाडूला 'हाय', म्हणजे सगळ्यात अवघड, लढाईसाठी १०० एक्सपी (मॉन्स्टरच्या तगडेपणाचे गुण, तेच नंतर खेळाडूला मिळतात) चालतात. गॉब्लिन (खुजा लुटारू) ५०चा. म्हणून घाटात दोन गॉब्लिन. हिशेब चोख ना? दुसऱ्या राउंडला दगडू १३ एचपींवरून (जीव मोजायचे गुण) ४वर. तिसऱ्या राउंडला पडद्यामागे (डीएमचे फासे लपवायला, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा केलाय) मला पडले १८, मी सांगितले ७. दगडू वाचला, जिंकलाही. बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री औषध घेताना म्हणाले, "पत्त्यात मी तुला लहानपणी कधी मुद्दाम जिंकू दिलं होतं का?" मी म्हणालो नाही. "मग?"

दुसऱ्या रविवारी भीतीनं लढाईच ठेवली नाही. तिसऱ्या रविवारी दगडू लेव्हल दोन, २२ एचपी, म्हणून जरा धीर करून गावाबाहेरच्या बारवेत एक घूल (मढी खाणारं भूत) सोडला. एकच! २०० एक्सपी, पुन्हा 'हाय'च्या बरोब्बर काठावर. घुलाचा पंजा लागला की डीसी १०चा कॉन सेव्ह (फासा आणि बेरीज मिळून १० तरी पडायला हवेत), नाहीतर अंग जखडतं. दगडूला त्यात +५. फाशावर पडले ३. जखडला. पुढच्या सेव्हला २. घुलानं जखडलेल्याला मारलं म्हणजे आपोआप क्रिट (नुकसानाचे फासे दुप्पट), १२ गेले. परत सेव्ह, ४. एव्हाना दगडूचे तीन एचपी उरलेले आणि बाबा दोन राउंड नुसते चहाच्या कपाकडे बघत बसलेले. मी काय करू? म्हणालो, घुलाला वर काहीतरी आवाज ऐकू आला आणि तो निघून गेला.

बाबा: "हातातला घास टाकून गेला? एकादशी होती का त्याची?"

तर जाणकारांनो, माझे प्रश्न. एका खेळाडूसाठी लढाई मोजतात कशी? मी पुस्तकाबाहेर गेलेलो नाही, तरी दोन्हीदा मला खोटं बोलावं लागलं. सोप्या लढाया ठेवल्या तर त्यांना लगेच कळतं. मीच एक साथीदार घालून त्यांच्याबरोबर लढावं, तर बाबा म्हणतात, "मग भूतही तू, सोबतीही तू, मी कशाला?" तेही खरंच आहे.

येत्या रविवारी घूल परत हवाय त्यांना. सूड.

---

गणिती_गाढव

एकादशी! लॅपटॉपवर चहा सांडला.

तुमचं चुकलं नाही, पुस्तकाचं गृहीतक तुमच्या घरात लागू पडत नाही एवढंच. ते गणित चौघांच्या टोळीसाठी बेतलेलं आहे. आकडेच मांडतो.

गॉब्लिनचा वार +४. दगडूचा एसी १६, म्हणजे १२ किंवा वर पडले की लागतं, शंभरात ४५ वेळा. लागलं की सरासरी साडेपाच. क्रिट धरून एक गॉब्लिन एका राउंडला साधारण २.६५ एचपी खातो. आता दगडू: +५, गॉब्लिनचा एसी १५, शंभरात ५५ वेळा लागतं. एका घावात सातच्या सात एचपी जायची शक्यता बरी आहे, पण नेहमी नाही. मी काढलं तर एक गॉब्लिन मारायला त्याला सरासरी २.३ राउंड लागतात.

म्हणजे एकटा गॉब्लिन मरेपर्यंत दगडूचे ६ एचपी खातो. दोन असतील तर पहिला मरेपर्यंत दोघंही मारतायत, मग उरलेला एकटा मारतोय, एकूण १८. तीन असतील तर ३७! सहा, अठरा, सदतीस. दुप्पट, तिप्पट नाही, तिप्पट आणि सहापट. (सेकंड विंड, म्हणजे फायटरनं दम घेऊन थोडे एचपी परत मिळवणं, आणि पहिला वार कुणाचा हे धरलेलं नाही. पण दिशा तीच राहते.) पहिल्या रविवारी दगडूकडे होते १३, तुम्ही सोडलेत १८चे गॉब्लिन. खोटं बोलायची वेळ येणारच होती.

२०१४च्या पुस्तकात यासाठीच तो गुणाकार होता, जो तुम्हाला नकोसा वाटला. दोन मॉन्स्टर असतील तर एक्सपी दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट. शिवाय खेळाडू तिनापेक्षा कमी असतील तर एक पायरी आणखी वर जायचं. म्हणजे तुमच्या एकट्या खेळाडूसमोर एकच मॉन्स्टर असला तरी दीडपट, दोन असले तर दुप्पट. तुमचे दोन गॉब्लिन तिथे १०० नाहीत, २०० आहेत, आणि लेव्हल एकला 'डेडली'ची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या लढाईची, रेषा आहे १००वर. लेव्हल दोनला ती २००वर जाते. म्हणजे आता २२ एचपी घेऊनही तेच दोन गॉब्लिन जुन्या पुस्तकात बरोब्बर 'डेडली', आणि नव्या पुस्तकाच्या बेरजेत १०० म्हणजे 'लो'. बावीसातून अठरा जाणार असतील तर खरं कोण बोलतंय ते तुम्हीच ठरवा. नवी पद्धत चौघांना सुटसुटीत आहे, मीही वापरतो. एकट्याला ती फसवते.

आता यातून वाट कशी काढायची. एचपी कमी करू नका, गॉब्लिन कमी करू नका, एका वेळी पोचणारे हात कमी करा. तेच दोन गॉब्लिन एकामागून एक आले तर १८ऐवजी १२ जातात. तीन आले तरी १८. अरुंद दार, बारवेच्या पायऱ्या, पुलाची एक फळी. पण हे तुम्ही आयतं देऊ नका, दृश्यात ठेवा आणि बाबांना शोधू द्या. दार सापडलं की जिंकणं त्यांचं स्वतःचं होतं.

आणि ढाल. एसी १८ झाला की प्रत्येक गॉब्लिन २.६५वरून २.१वर येतो. मोकळा हात वगैरे ठीक आहे, पण पाठीवर तरी असू द्या.

घुलाबद्दल थोडं वेगळं. डीसी १०ला +५ असताना सेव्ह चुकायची शक्यता पाचात एक. लागोपाठ तीन वेळा चुकणं म्हणजे सव्वाशेत एकदा. ते नशीब. घूल एरवी दगडूला झेपतो, एकास एक मी काढलं तर चार राउंडात तेरा-चौदा एचपी जाऊन तो मरायला हवा. पण चौघांच्या खेळात एक जखडला तर बाकीचे तिघं खेळत असतात. तुमच्याकडे जखडला की खेळच बंद. स्टन, होल्ड पर्सन, झोपेचे मंत्र, सगळं याच जातीचं. याला आकड्यांचा उपाय नाही, नियमच वाकवावा लागतो. त्यात माझी गती नाही, इतर सांगतील.

---

शेवग्याची_शेंग

मी माझ्या लेकीबरोबर (वय ११) दीड वर्ष एकास एक खेळतेय. वरचं गणित मला कधी जमलं नाही, पण मार खाऊन काही गोष्टी शिकले.

पहिली म्हणजे, एचपी शून्य झाले की गोष्ट संपलीच पाहिजे हे तुम्हाला कुणी सांगितलं? टोळीत शून्यावर गेलेल्याला कुणीतरी औषध पाजतं. एकट्याला डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) टाकत पडून राहायचं, आणि डीएमनं तोंड पाडून बघत राहायचं. पण नियमांतच आहे की जवळून मारलेल्या शेवटच्या घावात जीव घ्यायचा की बेशुद्ध करायचं हे मारणारा ठरवतो. आपण तो नियम खेळाडूसाठीच आहे असं धरून चालतो. गॉब्लिनांनाही लागू करा की. मेलेल्या ड्वॉर्फचे त्यांना काय मिळणार? जिवंत ड्वॉर्फ मात्र खाणीत खपवता येतो, खंडणी मागता येते, हॅमर विकता येतो.

आमच्याकडे लेकीची चोरटी दोनदा पकडली गेली. एकदा तिचे बूट गेले. नुसते बूट! ते परत मिळवण्यात चार रविवार गेले आणि ती अजूनही म्हणते की तीच सगळ्यात भारी गोष्ट होती. तेव्हापासून लढाई मांडण्याआधी मी वहीत एकच ओळ लिहिते: समोरच्याला काय हवंय? भूक लागलीय, पिल्लं मागे आहेत, टोल हवाय, हुकूम आहे. ती ओळ लिहिली की हरल्यावर पुढे काय होणार ते आपसूक समजतं, मग फासा लपवायची गरज पडत नाही.

साथीदाराबद्दल बाबा अगदी बरोबर बोलले. डीएमचा माणूस डीएमच्या भुताशी लढतोय आणि खेळाडू बघतोय, यासारखं कंटाळवाणं काही नाही. साथीदार बाबांच्या हातात द्या. २०१९च्या इसेन्शियल्स किटमध्ये साइडकिकचे नियम आहेत, एक डीएम आणि एक खेळाडू अशा जोडीला खेळता यावं म्हणूनही. लढवय्या, जाणकार, मंत्रवाला असे तीन प्रकार आहेत, पान छोटं आहे. पुढे २०२०मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात ते वाढवलेत. पण पहिल्यांदा एवढंही नको, कुत्रा द्या. मॅस्टिफ, ५ एचपी, चावा +३, चावला की समोरचा डीसी ११चा ताकदीचा सेव्ह चुकल्यास आडवा. पुस्तकात २५ सोन्याच्या नाण्यांना मिळतो.

माझ्या लेकीला तर कुत्र्याशिवाय चालणारच नव्हतं. रोगचा (Rogue, चोरटं पात्र) स्नीक अटॅक लागायला एकतर दोन फाशांतला मोठा घेता येणारा अ‍ॅडव्हान्टेज हवा, नाहीतर समोरच्याजवळ आपलं कुणीतरी उभं हवं. एकट्या रोगजवळ कोण उभं राहणार? तिचा मुख्य डावच बंद. कुत्रा आला आणि चालू झाला.

एक सावधगिरी. कुत्रा मारू नका. आमचा एकदा मेला, लेक जेवली नाही, आजीनं मला झापलं. आता घरचा नियम आहे, की शून्य झालं की कुत्रा केकाटत पळतो आणि संध्याकाळी परत येतो.

जखडण्याबद्दल: मी 'सगळं बंद' असं काहीच ठेवत नाही. सेव्ह चुकला तर या राउंडला हात की पाय, एक काय ते निवड. निवडायला मिळालं की माणूस खेळात राहतो. फार सौम्य वाटलं तर त्याच राउंडला घुलाला अ‍ॅडव्हान्टेज द्या.

बाबांना गुडघ्यासाठी शुभेच्छा. जिना उतरताना आधी ऑपरेशनचा पाय म्हणावं.

---

नाक्यावरचा

मी वेगळं सांगतो. बॅलन्स करूच नका. फासे ताटात टाका, उघड. घाटात ओगर (आडदांड राक्षस) राहतो तर राहतो, त्याचा एक सोटा लागला की सरासरी १३ जातात, दगडू लेव्हल एकला असता तर एका घावात आडवा. पण बाबांना तो दिसायच्या आधी मोडलेली झाडं दिसू देत, बैलाची बरगडी दिसू दे, धनगर सांगू दे की तिकडून जाऊ नका. घाटात गाडी घालायची की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. तीस वर्षं तेच केलंय ना त्यांनी?

तुमचे बाबा फसवणुकीवर चिडलेत, मरण्यावर नाही. मला तर वाटतं ते दगडूला मरू द्यायला तुमच्यापेक्षा जास्त तयार आहेत.

---

जुना_खवीस

न्यू जर्सीहून एक म्हातारा. इकडे शिकायला आलो तेव्हा वसतिगृहात एका अमेरिकन मुलाकडे डी अँड डीची १९८१ची बेसिक आवृत्ती होती, तिथून लागलेलं व्यसन. नाक्यावरचा यांच्याशी अर्धा सहमत. त्यांचं म्हणणं जुन्या खेळात चालायचं, कारण तिथे दोन फासे होते जे आता लोक विसरले.

एक म्हणजे रिअ‍ॅक्शन. समोर कुणी आलं की लढाई सुरू असं नव्हतंच. डीएम दोन सहाचे फासे टाकायचा. २ पडले तर थेट हल्ला, १२ पडले तर चक्क दोस्ती, आणि मधे ६ ते ८ म्हणजे समोरच्याचंही अजून ठरलेलं नाही. एकट्या खेळाडूला हा फासा म्हणजे देवानं दिलेली फट. बोलायला जागा मिळते.

दुसरा मोराल, म्हणजे हिंमत. प्रत्येक मॉन्स्टरला एक आकडा. टोळीतला पहिला पडला की, आणि अर्धे पडले की, पुन्हा दोन सहाचे फासे. आकड्यापेक्षा जास्त पडले तर पळाले. साध्या गॉब्लिनचा आकडा ७, सरदार बरोबर असेल तर ९. सातपेक्षा जास्त पडायची शक्यता शंभरात बेचाळीस. आता गाढवरावांचं गणित (हुशार माणूस, नाव चुकीचं घेतलंय) पुन्हा करून बघा: तीन गॉब्लिन, पहिला पडला, आणि शंभरातल्या बेचाळीस वेळा उरलेले दोघं झाडीत. सदतीसचा आकडा धाडकन खाली येतो. हे सगळं तुम्ही उघड टाकू शकता. गॉब्लिन पळाले ते तुम्ही दया केली म्हणून नाही, फासा तसा पडला म्हणून. तुमचा घूल असा फासा पडून पळाला असता तर एकादशीची वेळ आली नसती. तरी घूल तसा हट्टी असतो, त्याचा आकडा ९.

ज्यांना एकट्याच्या खेळासाठी मुळापासून वेगळं काही हवंय त्यांच्यासाठी: केव्हिन क्रॉफर्ड यांचा २०१४चा स्कार्लेट हीरोज बघा. एक डीएम, एक खेळाडू यासाठीच रचलाय. त्यातली एक युक्ती कुठल्याही जुन्या पद्धतीच्या खेळाला लावता येते. नुकसानाचा फासा नेहमीसारखा टाका, पण तो वाचा असा: १ पडला तर काही नाही, २ ते ५ म्हणजे एकच पॉइंट, ६ ते ९ म्हणजे दोन, १० किंवा वर म्हणजे चार. खेळाडूच्या बाबतीत हे पॉइंट त्याच्या एचपीतून जातात, मॉन्स्टरच्या बाबतीत थेट हिट डाइसमधून (त्याची ताकद मोजायचा आकडा). म्हणजे एकटा माणूस टोळीइतका टिकतो आणि टोळीइतकं कापतो. शिवाय दर राउंडला एक जादा फ्रे फासा, किरकोळ शत्रूंवर फुकटचा. पाचव्या आवृत्तीत (तुमचं २०१४चं पुस्तक) जसंच्या तसं घातलं तर दगडू फारच भारी होईल, म्हणून तुम्हाला आत्ता सुचवत नाही. पण बाबांना एकटाच वीर दहा जणांना लोळवतो अशा गोष्टी आवडत असतील तर लक्षात ठेवा.

आणि हो, आंबेनळी घाट मी लहानपणी लाल डब्यातून उतरलोय, खिडकीतून ओकत. कदाचित तुमच्या बाबांच्याच गाडीत.

---

तिरपा_फासा

सगळ्यांचे आभार. काल रविवार झाला. सविस्तर लिहितो, नाहीतर तुम्ही विचारणारच.

पडदा काढून टाकला. फासे स्टीलच्या ताटात, त्याखाली टॉवेल, कारण आई म्हणाली आवाजानं डोकं उठतं. बाबांना सरळ सांगितलं की मागे दोनदा मी खोटं बोललो. "माहितीय," म्हणाले. "पुढे चल."

बारवेकडे जाणाऱ्या वाटेवर मी पाच गॉब्लिन ठेवले होते. पाच! गणिती_गाढव यांच्या हिशेबानं दगडूचा चुरा. पण रिअ‍ॅक्शन उघड टाकला, ८ पडले. म्हणजे त्यांचंही ठरलेलं नाही. 'त्यांना काय हवंय' ही ओळ मी आधीच लिहून ठेवली होती: चोरलेली बैलगाडी, तिचा आस मोडलाय, अंधार पडायच्या आत घर गाठायचंय.

आस मोडलाय म्हटल्यावर बाबा सोफ्यावर पुढे सरकले. पुढचा पाऊण तास, खोटं सांगत नाही, पाऊण तास, आमचा ड्वॉर्फ गॉब्लिनांची गाडी दुरुस्त करत होता. कुठे मोडलाय, चाकापाशी की मधोमध? जॅक नाही तर दगड रचा, ओंडका तरफेला लावा, गाडी आधी रिकामी करा. एका गॉब्लिनला ओरडले, "तू नुसता बघतोस काय, चाकाला अटकण लाव!" गॉब्लिनानं लावली. गाडी उचलायला ताकदीचा फासा, १४ पडले, जमलं. मी डीएम म्हणून काय करत होतो? 'हो' म्हणत होतो.

मजुरी म्हणून गाडीला बांधलेला कुत्रा मागून घेतला. शेवग्याची_शेंग, तुमचा मॅस्टिफ मला कुठूनतरी आणायचाच होता, तो त्यांनी स्वतःच कमावला. नाव ठेवलं कंडक्टर. कंडक्टरचे फासे बाबाच टाकतात, आणि त्याचा टर्न संपला की "डबल बेल" म्हणतात, म्हणजे आता ड्रायव्हरनं गाडी काढायची.

मग घूल. बारवेत उतरायच्या आधी दगडूनं ढाल घेतली (गाढवराव, मी काही बोललो नव्हतो, 'ओली पायरी आहे, एका हातानं भिंत धरावी लागेल' एवढंच म्हणालो. त्यावर ते म्हणाले, मग भिंतीऐवजी ढाल टेकवत उतरतो). पायरीवरच उभा राहिला, खाली गेलाच नाही. कंडक्टरला पुढे सोडला आणि वरून ओरडून घुलाला बोलावलं.

दोन राउंड बरोबरीत. तिसऱ्याला पंजा लागला, ८ गेले, सेव्हला फाशावर २. बाबांचा चेहरा पडला, चहाच्या कपाकडे हात गेला. मी म्हणालो, नवीन नियम आहे, या राउंडला हात जातील किंवा पाय, तुम्ही निवडा.

"पाय जाऊ देत," म्हणाले. "सवय आहे."

आई आतून हसली, म्हणजे ती ऐकत होती.

पाय जखडलेले, हात चालू. मारलं, लागलं. पुढच्या राउंडला घुलाचा दुसरा पंजा, आणखी ८. दगडू २२वरून ६वर. सगळं ताटात, सगळ्यांसमोर. माझ्या पोटात गोळा आला होता, त्यांच्या नाही. मग कंडक्टर चावला, घुलाचा सेव्ह चुकला, आडवा झाला. "डबल बेल." आडव्यावर अ‍ॅडव्हान्टेज, दोन फासे, ५ आणि १६. संपला घूल.

बाबांनी ताट उचलून तो १६चा फासा आईला नेऊन दाखवला. वॉकरशिवाय गेले. ते लक्षात आल्यावर आम्ही तिघंही जरा गप्प बसलो.

नाक्यावरचा, तुमचं खरं निघालं. नंतर विचारलं मी, की दगडू मेला असता तर? म्हणाले, "मग त्याचा भाऊ आला असता."

आता एक अडचण उरलीय. घुलाचे २०० एक्सपी दिले. पण पाच गॉब्लिनांचे? एकही मारला नाही, उलट त्यांची गाडी दुरुस्त करून दिली. बाबा म्हणतात त्याचे जास्त व्हायला हवेत, कारण काम जास्त झालं. काय करू?

---

शेवग्याची_शेंग

पूर्णच्या पूर्ण द्या. पाच गॉब्लिनांचे २५०. संकट पार झालं ना? कसं झालं ते त्यांचं कौशल्य.

"सवय आहे" वर मी डोळे पुसले, आणि लेक विचारतेय काय झालं.

---

जुना_खवीस

२५० द्या, आणि ते पाच गॉब्लिन पुढे परत आणा. गाडी दुरुस्त करून देणारा माणूस कोण विसरतो?

---

तिरपा_फासा

दिले २५०. वहीत लिहून घेतले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि मुक्कामाचा भत्ता?"